शिवडी ते अंधेरी : एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या एकसूत्रीकरणाचा इतिहास

परदेशात मुख्यालय असलेल्या कंपनीने निरनिराळ्या देशांतील आपल्या उपकंपन्यांचे हिशेब, नोकरभरतीचे नियम, मालाची प्रत आणि विक्रीची रीत ही सर्व एका साच्यात बसवावीत, हा विषय सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. त्या शास्त्राची भाषा पाहिली तर हे काम केवळ सोयीचे वाटते. साचा उत्तम असला, तो नीट समजावून सांगितला आणि देखरेख ठेवली की काम झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या कामात एक जुनाच प्रश्न दिसतो, आणि तो अधिकाराचा आहे. नियम कोणी करावा, आणि जेथे तो लागू करावयाचा तेथील कायदा, कच्चा माल व माणसे त्या नियमाला जुमानीत नसतील तर माघार कोणी घ्यावी, याची उत्तरे नियमपुस्तिकेत सापडत नाहीत. ती कालानुक्रमे घटना लावूनच शोधावी लागतात.

या दृष्टीने हिंदुस्थान लिव्हर (२००७ पासून हिंदुस्थान युनिलिव्हर) या कंपनीचे उदाहरण फार उपयुक्त आहे. तिचा इतिहास दीर्घ आहे, तिच्या स्थित्यंतरांचे सनावळीसह पुरावे उपलब्ध आहेत, आणि तो जवळजवळ संपूर्णपणे मुंबईत घडला आहे. त्याचा पूर्वार्ध शिवडीच्या कारखान्यात आणि उत्तरार्ध अंधेरी या उपनगरात घडला. उपनगरांत अशा कंपन्या आणखीही आल्या. गोरेगावला १९६३ मध्ये सिबाचे संशोधन केंद्र उघडले, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन व हेक्स्ट यांनी बस्तान बसविले. त्यांचाही इतिहास कोणी तरी लिहावयास हवा. परंतु एकसूत्रीकरणाचे सर्व टप्पे एकाच ठिकाणी पाहावयाचे तर लिव्हरइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १८९५ मध्ये लाइफबॉय आला. पुढची सुमारे चाळीस वर्षे हा व्यवहार आयातीचा व अडत्यांमार्फत चाललेला होता. १९३० च्या प्रारंभी लिव्हर ब्रदर्स आणि हॉलंडमधील मार्गारीन युनी यांचा संयोग होऊन युनिलिव्हर अस्तित्वात आली. येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. हा संयोग होऊनही कायद्याच्या दृष्टीने मूळ कंपन्या दोनच राहिल्या, एक लंडनची व एक रॉटरडॅमची. दोहोंचे संचालक तेच, आणि दोहोंच्या वर ‘स्पेशल कमिटी’ नावाची छोटी मंडळी सर्व निर्णय घेणारी. ही द्वैतावस्था थेट २०२० पर्यंत टिकली. ज्या संस्थेने जगभरच्या उपकंपन्यांना एकत्व शिकविले, ती स्वतः नव्वद वर्षे दोन घरांत नांदत होती, ही गंमत विसरून चालणार नाही.

हिंदुस्थानातील उपकंपन्याही अशाच सुट्या सुट्या जन्मल्या. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली, १९३३ मध्ये लिव्हर ब्रदर्स इंडिया, आणि १९३५ मध्ये प्रसाधनांच्या विक्रीसाठी युनायटेड ट्रेडर्स. शिवडीला आधी वनस्पतीचा कारखाना झाला, आणि १९३४ च्या ऑक्टोबरात त्याच्या शेजारी साबण तयार होऊ लागला. त्याच साली कलकत्त्याचा गार्डन रीच येथील कारखाना भाड्याने घेण्यात आला. कच्च्या मालाच्या दृष्टीने साबण व वनस्पती ही सख्खी भावंडे. दोहोंना तेल लागते, आणि ते घट्ट करण्याची हायड्रोजनची प्रक्रियाही दोहोंच्या उपयोगाची. तरीही बाजारात या दोन मालांची बिरादरी अगदी निराळी होती. १९३७ मध्ये बाजारात आलेला डालडा तुपाच्या दुकानातून विकावयाचा, त्याला गिऱ्हाइकाचा धार्मिक संशयही सोसावा लागे. साबणाला तो प्रश्न त्या स्वरूपात नव्हता. त्यामुळे तीन कंपन्या, तीन विक्रीव्यवस्था आणि तीन वेगवेगळे जमाखर्च हे केवळ गबाळेपणाचे लक्षण समजू नये. मालाच्या स्वरूपातच त्याचे कारण होते.

एकसूत्रीकरणाचे पहिले पाऊल १९४१ मध्ये पडले असे म्हणता येईल. त्या वर्षी मुंबई, मद्रास, कलकत्ता व कराची येथील अडत्यांकडची कामे कंपनीने स्वतःकडे घेतली, आणि पगारी विक्रेत्यांचे स्वतःचे दल उभे केले. अडत्या आपल्या पद्धतीने चोपड्या लिहितो, आपल्या ओळखीवर उधारी देतो. पगारी विक्रेता छापील तक्ता भरतो. या एका बदलाने विक्रीची माहिती सर्व प्रांतांतून एकाच नमुन्यात मुख्य कचेरीत येऊ शकली. १९४४ मध्ये तिन्ही कंपन्यांचे व्यवस्थापन सामाईक करण्यात आले, परंतु विक्रीविभाग स्वतंत्रच ठेवले. ही मधली अवस्था बारा वर्षे चालली. आमच्या मते ती घाई न करण्याची होती आणि शहाणपणाची होती. ज्या जागी मालाचा स्वभावच निराळा, तेथे एकत्व लादले गेले नाही. जेथे केवळ टेबल-खुर्च्या व खतावण्या दुहेरी होत्या, तेथे ते आधी आणले गेले.

मुख्यालयाचा अंमल या काळात कशावर चालत असे, हेही स्पष्ट केले पाहिजे. रोजच्या व्यवहारात लंडन फारसे हात घालीत नसे. वार्षिक योजना व तिच्यातील नफ्याचा अंदाज, मोठा भांडवली खर्च, आणि वरिष्ठ व्यवस्थापकांच्या नेमणुका या तीन लगामी मात्र त्याने कधी सोडल्या नाहीत. तिसऱ्या लगामीतूनच पुढे सर्वांत मोठा बदल झाला. १९४२ मध्ये युनिलिव्हरने असे ठरविले की, कनिष्ठ व वरिष्ठ जागांवर युरोपियनांऐवजी हिंदी माणसे तयार करावयाची. त्यामागे दूरदृष्टी होती, तसा हिशेबही होता. युद्धकाळात विलायतेहून माणसे मिळणे कठीण होते, आणि १९४२ साली राजकारणाचा वारा कोठे वाहतो हे ज्याला दिसत नसेल असा व्यापारी विरळा. १९५५ पर्यंत व्यवस्थापकांपैकी ६५ टक्के भारतीय होते. १९६१ मध्ये २०५ पैकी १९१ भारतीय झाले, आणि त्याच वर्षी प्रकाश टंडन हे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

ही भरती एकसूत्रीकरणाला मारक ठरेल असे वरवर वाटते. प्रत्यक्षात उलट घडले. साहेब असेपर्यंत नियम साहेबाच्या अंगी असे. तो लेखी असण्याची निकड भासत नसे. हिंदी तरुणाला निवडून, एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवून तयार करावयाचे म्हटल्यावर प्रत्येक कामाची रीत लिहून काढणे, परीक्षेची मोजपट्टी ठरविणे भाग पडले. टंडन यांचेच उदाहरण पाहावे. इंग्लंडात हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन ते १९३७ मध्ये कंपनीत आले आणि १९५१ मध्ये पहिले भारतीय संचालक झाले. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते पंजाब नॅशनल बँकेचे अध्यक्ष असताना रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. कोणत्या उद्योगाने किती कच्चा माल व किती येणे बाळगावे आणि त्यावर बँकेने किती कर्ज द्यावे, याची प्रमाणे या टंडन समितीने १९७५ च्या अहवालात घालून दिली, व पुढे कित्येक वर्षे देशातील बँकांनी कारखानदारांना त्याच मापाने मोजले. एका कंपनीत मुरलेली सवय अशा रीतीने देशाच्या बँकव्यवहारात शिरली, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

१९५६ मध्ये तिन्ही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन हिंदुस्थान लिव्हर लिमिटेड स्थापन झाली आणि भागभांडवलाचा १० टक्के भाग भारतीय जनतेला देण्यात आला. परदेशी कंपन्यांच्या येथील उपकंपन्यांत असे करणारी ही पहिली, अशी कंपनीच्या इतिहासात नोंद आहे. या दहा टक्क्यांचे महत्त्व आकड्यावरून मोजू नये. पूर्वी ताळेबंद लंडनला पाठविण्यासाठी तयार होत असे. आता तो भारतीय भागधारकांपुढे वार्षिक सभेत मांडावा लागणार होता, आणि तोही त्याच वर्षी अमलात आलेल्या नव्या कंपनी कायद्याने ठरविलेल्या नमुन्यात. म्हणजे ज्या वर्षी अंतर्गत एकीकरण पूर्ण झाले, त्याच वर्षी एक दुसरा साचा, भारतीय शासनाचा, कंपनीवर बसला.

हा दुसरा साचा विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील लेखनात तो बहुधा वगळला जातो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली आणि रुपये-आणे-पै जाऊन रुपये-नवे पैसे आले. १९५६ च्या कायद्याने वजनमापेही दशमान ठरली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मण, शेर व मुंबईच्या तेलबियांच्या बाजारातली खंडी मागे पडली. मुंबईतल्या कारकुनाने शतकांचे जमाखर्च शिकून घेतले त्या वेळी लंडनमध्ये पौंड, शिलिंग, पेन्स यांचीच बेरीज चालू होती. इंग्लंडने दशमान नाणी स्वीकारली ती १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. सुमारे चौदा वर्षे उपकंपनीची वही पालक-कंपनीच्या देशातील वहीपेक्षा अधिक सुटसुटीत होती. प्रमाण नेहमी वरून खाली येते या समजुतीला हा एक छोटासा पण बिनतोड अपवाद आहे.

मालाच्या बाबतीत शासनाचा साचा आणखी कडक होता. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे असा नियम करण्यात आला. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ केली तर रासायनिक परीक्षेत तिळाच्या तेलामुळे ती पकडता यावी, हा त्यातला हेतू. युरोपात मार्गारीन बनविणाऱ्या रसायनज्ञाला या अटीचा अर्थही लागला नसता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत वनस्पतीवर संपूर्ण बंदी घालावी अशी मागणी संसदेपर्यंत गेली होती. कंपनीला त्या काळात कृती, वेष्टन व जाहिरात या तिन्ही गोष्टी येथील वादाकडे पाहून ठरवाव्या लागल्या. मराठीत आजही ‘डालडा’ हा शब्द कोणत्याही वनस्पती तुपाला वापरतात. रिकाम्या पिवळ्या डब्यांत कित्येक चाळींच्या गॅलऱ्यांत तुळस लावलेली असे. एका कंपनीचा साचा लोकव्यवहारात इतका मुरला, त्यात लंडनच्या सूचनांपेक्षा येथील तडजोडींचा वाटा मोठा होता.

आता अंधेरीकडे वळू. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे ही उपनगरेही त्याच दशकात शहराच्या एका कायद्याखाली, एका करपद्धतीखाली आली. मोकळी जमीन, रेल्वे आणि जवळचा विमानतळ यांमुळे अंधेरीच्या पूर्वेस उद्योग येऊ लागले. लिव्हरच्या संशोधनाला युनिलिव्हरच्या स्पेशल कमिटीने १९५७ मध्ये मान्यता दिली, १९५८ मध्ये मुंबईच्या कारखान्यातच एक छोटा विभाग सुरू झाला, आणि १९६७ मध्ये अंधेरीला हिंदुस्थान लिव्हर संशोधन केंद्र उघडले.

हे केंद्र कशासाठी हवे होते? पालक-कंपनीकडे उत्तम प्रयोगशाळा होत्याच. तेथून कृती मागवून ती पाळणे स्वस्त पडले असते. अडचण तेलाची होती. साबणाच्या विलायती कृती चरबी, पामतेल व खोबरेल यांवर आधारलेल्या. आपल्या देशात परकीय चलनाचा तुटवडा, खाद्यतेलाची टंचाई, आणि खाण्याचे तेल साबणात घालू नये हा शासनाचा आग्रह. तेव्हा कडुनिंब, करंज, मोह, साल, एरंड, भाताचा कोंडा यांची तेले वापरावी लागणार होती. पण निंबोणीचे तेल कडू, उग्र वासाचे व गडद. एरंडेलाच्या साबणाला फेस कमी. कोंडा निघताच त्यातले तेल आंबू लागते. या तेलांचा वास व रंग घालविणे, त्यांची घट्टी हवी तेवढी करणे, आणि तरीही गिऱ्हाइकाच्या हातात लाइफबॉयची वडी लाइफबॉयसारखीच लागली पाहिजे, हे काम दुसऱ्या देशातील पुस्तक उघडून होणारे नव्हते. त्यासाठी लागणारा निकेलचा उत्प्रेरकही कंपनी १९६६ पासून स्वतः करू लागली. नाव एक, वेष्टन एक, आणि आतील घटक निराळे, अशी ही स्थिती होती. एकरूपता टिकविण्यासाठीच कृती वेगळी करावी लागली, हा या प्रकरणातला सर्वांत लक्षणीय भाग होय.

या केंद्राने पुढे दुसरेच एक काम केले, जे त्याच्या संस्थापकांच्या कल्पनेतही नसावे. १९६८ मध्ये टंडन यांच्यानंतर वसंत राजाध्यक्ष अध्यक्ष झाले. (देशाच्या वीजव्यवस्थेवर १९८० मध्ये अहवाल देणारी समिती यांच्याच नावाने ओळखली जाते.) १९६९ मध्ये अंधेरीला सूक्ष्म रसायनांचा विभाग सुरू झाला, आणि १९७४ मध्ये तळोज्याला औद्योगिक रसायनांचा प्रायोगिक कारखाना निघाला. त्याआधी १९७१ मध्ये राजाध्यक्षांनी रसायनांच्या क्षेत्रात शिरण्याची योजना स्पेशल कमिटीपुढे मांडून मंजूर करून घेतली. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला तेव्हा परदेशी भांडवल सामान्यतः ४० टक्क्यांवर आणावे लागणार होते. मात्र ज्यांच्या उलाढालीचा किमान ६० टक्के भाग मूलभूत अथवा प्रगत तंत्राच्या उद्योगांतून येतो आणि जे किमान १० टक्के निर्यात करतात, त्यांना ५१ टक्के ठेवण्याची सवलत होती. राजाध्यक्षांनंतर १९७३ मध्ये अध्यक्ष झालेले टी. थॉमस यांनी ही वाट धरली. अंधेरीतील प्रयोग तळोज्याला व पुढे हल्दियाला मोठ्या प्रमाणावर गेले. १९८० मध्ये युनिलिव्हरचा हिस्सा ५१ टक्क्यांवर स्थिरावला. साबण-वनस्पतीची कंपनी या व्याख्येत बसेना, म्हणून कंपनीच बदलण्यात आली. मुख्यालयाचे बहुमत वाचले ते उपनगरातल्या प्रयोगशाळेमुळे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील दशकात साचा एकदा बाजारातूनही मोडला. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांच्या निरमा पावडरीने, जी गृहोद्योगाच्या रीतीने व अत्यल्प खर्चात तयार होत असे, सर्फला मागे टाकले. सर्फची प्रत, सर्फचा नफा व सर्फची विक्रीपद्धती यांच्या चौकटीत राहून उत्तर देणे अशक्य होते. तेव्हा कंपनीने व्हील हा माल काढला, आणि त्यासाठी उत्पादन, किंमत व वितरण यांची निराळी घडी बसविली. हाच अनुभव १९९० नंतरच्या दशकात युनिलिव्हरने ब्राझीलमध्ये ‘आला’ या पावडरीसाठी वापरला. तीस वर्षांपूर्वी मुंबईने लंडनची नियमपुस्तिका वाचली होती. आता मुंबईचा धडा तिसऱ्याच खंडात गेला.

१९९१ नंतरच्या विलीनीकरणांविषयी थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये टाटांची टॉम्को, १९९६ मध्ये ब्रुक बाँड लिप्टन, १९९८ मध्ये पाँड्स या कंपन्या लिव्हरमध्ये आल्या. यांपैकी टॉम्कोचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, कारण लिव्हरच्या कामगार संघटनेनेच त्याला आव्हान दिले होते. न्यायालयाने १९९४ मध्ये विलीनीकरण कायम केले. टॉम्कोच्या नोकरांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी हितकारक असू नयेत, ही तरतूद योजनेत होती. त्या पूर्वीच्या लिव्हरच्या नोकरांइतक्या केल्या जातील, असे मात्र नव्हते. वह्या, माल, वेष्टने, दुकानदारांच्या याद्या ही सर्व एक होण्यास अडचण पडली नाही. पगारपत्रकाशी आल्यावर एकसूत्रीकरणाचा वेग मंदावतो, हे इतरत्रही दिसणारे लक्षण येथेही दिसते. या बाजूचा इतिहास कंपनीच्या अहवालांतून लिहिता येणार नाही. त्यासाठी शिवडीच्या कामगारांकडेच जावे लागेल.

१९९९ च्या अखेरीस युनिलिव्हरने जगभरातील सुमारे १६०० नाममुद्रांपैकी ४०० च पुढे चालवावयाच्या असे धोरण ठरविले, आणि येथेही त्याप्रमाणे शंभरावर नाममुद्रांतून तीसेक निवडल्या गेल्या. २००३ मध्ये डालडा विकला गेला. ज्या मालासाठी १९३१ ची कंपनी निघाली होती, तो मालच साच्याबाहेर ठरला. २००७ मध्ये ‘लिव्हर’ जाऊन ‘युनिलिव्हर’ आले. जानेवारी २०१० मध्ये मुख्य कचेरी बॅकबे रेक्लमेशनवरील १९६३ च्या लिव्हर हाउसमधून अंधेरीला, चकाल्यातील बी. डी. सावंत मार्गावर हलली. पूर्वी उपनगरात प्रयोग होत आणि आज्ञा शहरातून सुटत. आता दोन्ही उपनगरातच आले.

या एकत्वाला पैशाच्या रूपातही किंमत पडते, आणि अलीकडे ती उघडपणे लिहिली जाते. २०१३ मध्ये युनिलिव्हरने भागधारकांकडून प्रत्येकी ६०० रुपयांना भाग विकत घेऊन आपला हिस्सा ५२ टक्क्यांवरून सुमारे ६७ टक्क्यांवर नेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत नाममुद्रा व तंत्रज्ञान यांच्या वापराबद्दलचे स्वामित्वशुल्क उलाढालीच्या सुमारे १.४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३.१५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. जानेवारी २०२३ च्या नव्या करारात मध्यवर्ती सेवांचे शुल्कही धरून हे प्रमाण २.६५ वरून तीन वर्षांत ३.४५ टक्के करावयाचे ठरले. मध्यवर्ती सेवा म्हणजे काय, तर ज्या कामांची रीत सर्व उपकंपन्यांत एकच झाल्यामुळे ती एका जागी करता येतात, त्या कामांचा आकार. १९४४ मध्ये तीन कचेऱ्यांच्या खतावण्या एकत्र झाल्या तेव्हा ती केवळ काटकसर होती. आज त्याच गोष्टीचे बिल येते, आणि ते वाजवी आहे की नाही याची चर्चा मुंबईच्या भागधारकांत होते. १९५६ च्या त्या दहा टक्क्यांनी हा अधिकार दिला नसता तर ती चर्चा झालीच नसती.

एका बाबतीत मात्र उपकंपनीने अखेर येथल्याच देशाचा साचा घेतला. स्थापनेपासून तिचे हिशेबी वर्ष पालक-कंपनीप्रमाणे जानेवारी ते डिसेंबर असे. प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष नेमून दिले, तरी भागधारकांना द्यावयाच्या हिशेबात जुने वर्ष आणखी वीस वर्षे चालू राहिले. शेवटी जानेवारी २००८ ते मार्च २००९ असे पंधरा महिन्यांचे एक वर्ष धरून कंपनीने भारतीय वर्ष स्वीकारले. युनिलिव्हरचे वर्ष डिसेंबरातच संपत राहिले आहे. त्यामुळे अंधेरीच्या कचेरीतील हिशेब दोनदा मिटतात, एकदा डिसेंबरअखेर लंडनसाठी आणि एकदा मार्चअखेर येथील कायद्यासाठी.